उभ्या गाडीची चेन

आज सकाळी मुदखेड स्टेशनात शेजारची गाडी हलली आणि माझं सगळंच बदललं.

वेल्डिंगची ठिणगी उडाल्यामुळं माझ्या उजव्या डोळ्यावर पट्टी हाय. नांदेडला डॉक्टरकडं निघालो होतो. "वेल्डिंग सोड, परत कॉलेजला जा," असं माझी मैत्रीण सविता म्हणाली, म्हणून मी तिच्यावर ओरडलो होतो. चार दिवस अबोला. तरी आज सोबत येते म्हणाली. मी गाडीत बसलो, तिचा पत्ता न्हाई. खिडकीतून पाहतो तर गाडी सुटलेली! डोकं सटकलं, चेनच ओढली.

टीसी धावत आला. "उभ्या गाडीची चेन ओढतोस व्हय रे? शेजारची गेली ती!"

"साहेब, एकाच डोळ्यानं बघून राहिलो, म्हणून फसलो."

"दोन डोळ्यांनीबी तसंच वाटतंय, येड्या," मागच्या दारानं चढलेली सविता बोलली. तिनंच हात जोडून मला सोडवलं. मग हळूच म्हणाली, "माझ्यासाठी ओढलीस?"

"हाव."

अबोला तिथंच संपला. परतताना नांदेडला शेजारची गाडी हलली तेव्हा तिनं एक डोळा झाकून पाहिलं. "अगंबाई, तरीबी आपणच चाललो की!"

आपलीच गाडी चाललीय असं तुम्हाला एका डोळ्यानं जास्त वाटतं का दोन्ही डोळ्यांनी? करून पाहा, खाली लिहा. आता कॉलेजात प्रवेशाच्या फॉर्मचं विचारायला चाललोय, सविता बाहेर हाका मारून राहिली. निघालो, दार लावलं.