काळ्या पाण्यावरची सोबत

पोर्ट ब्लेअरला जायला माझी निवड झाली, तेव्हा आनंदाच्या आधी मला शंकाच आली. चिकलठाण्याच्या ज्या कारखान्यात मी फिटर होतो, तिथं बर्फाच्या कारखान्यांना लागणारे कॉम्प्रेसर बनायचे. अंदमानच्या बंदरावर मासळीसाठी नवा बर्फ कारखाना उभा राहत होता. यंत्र बसवायला दोघांना जायचं होतं. माझ्याहून जुने फिटर पुष्कळ होते. मग मीच का?

आईनं ऐकलं आणि हातातलं काम टाकून ती उभी राहिली. "काळ्या पाण्यावर? तिथं तर कैदी धाडत्यात. तू काय केलंस रं?"

केलं होतं ते एवढंच, की विद्यापीठाच्या नामांतरासाठी मी सभांना जात होतो. खेड्यांतून वस्त्या जळाल्या होत्या. माझी मावशी लेकरांना घेऊन अंगावरच्या कपड्यांनिशी आमच्या दोन खोल्यांत येऊन राहिली होती. तेव्हापासून कारखान्यात डबेही वेगवेगळ्या कोपऱ्यांत उघडायला लागले होते. कुणी काही बोलत नसे, पण सगळे बघत असत.

दुसरा माणूस म्हणजे आमचे मिस्त्री. पन्नाशीचे, परभणीकडच्या चांगल्या जमीनजुमल्याच्या घरातले. मावशीचं घर त्यांच्याच तालुक्यात जळालं होतं. मद्रासहून बोट सुटली आणि मला ती लागली, तेव्हा त्यांनी लिंबू कापून माझ्यापुढं धरलं. मी घेतलं, पण त्यांच्याकडं बघत बघत.

"तुमच्या वस्तीत लई पोरं जमत्यात म्हणं?" त्यांनी सहज विचारलं.

"जमतात. क्रिकेट खेळतात," मी म्हणालो.

पोर्ट ब्लेअर मला फार आवडलं, आणि आवडलं याचंच भय वाटलं. टेकड्यांवर पत्र्याच्या छपरांची लाकडी घरं, खाली निळंशार बंदर, धक्क्यावर सुक्या मासळीचा आणि डिझेलचा मिसळलेला वास. बंगाली, तमिळ, तेलुगू, सगळे एकमेकांशी मोडक्या हिंदीत बोलायचे. "कहाँ से?" एवढंच विचारायचे. औरंगाबाद म्हटलं की पुढचा प्रश्न नसायचा. आडनावावरून कुणी चाचपत नव्हतं. माझ्या शेजारी मिस्त्री नसते, तर मी तिथं मोकळा झालो असतो.

काम संपलं की ते तार-ऑफिसात जाऊन कारखान्यातल्या साहेबांना ट्रंक कॉल लावायचे. यंत्राची खबर द्यायला, असं म्हणायचे. एकदा मी मागून गेलो, तर मला बघून त्यांनी आवाज खाली आणला आणि रिसीव्हर ठेवला.

"काय म्हणले साहेब?"

"काय नाय. पाऊस हाय का विचारत व्हते."

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

रविवारी त्यांनीच खाडीत जायचं काढलं. "चल, जंगल बघू. पुन्हा कोण येतंय इकडं." एवढा आग्रह कशाला, हे मला कळेना. नको म्हटलं तर त्यांना संशय येईल म्हणून मी गेलो.

डोंगी म्हणजे तिथली लहान होडी; ती वल्हवणारा बंगाली म्हातारा होता. "हाथ पानी से बाहर रखना," त्यानं बसतानाच बजावलं. दोन्ही बाजूंनी खारफुटी इतकी जवळ आली होती की आभाळाची फक्त पट्टी दिसत होती. मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली. कुठंतरी काहीतरी सारखं टचटच वाजत होतं आणि कोण वाजवतंय ते दिसत नव्हतं. आत आत गेलो आणि ओहोटीनं पाणी उतरून डोंगी गाळात रुतली.

म्हातारा म्हणाला, भरती येईपर्यंत बसा. मला बसवेना. ढकलून बघावं म्हणून मी खाली उतरलो, तर मांडीपर्यंत आत गेलो. पाय निघेना. तेवढ्यात समोरच्या काठावरचा ओंडका हलला. सरकत पाण्यात गेला आणि दिसेनासा झाला.

"मगर!" म्हातारा ओरडला आणि वल्ह्यानं पाणी झोडपायला लागला. मिस्त्री डोंगीच्या काठावर पालथे पडले, माझ्या बगलेत हात घातले आणि दात खाऊन ओढायला लागले. त्यांचा सदरा फाटला, छाती खरचटली. मी वर आलो तो माझी एक चप्पल गाळातच सोडून.

नंतर आम्ही भरतीची वाट बघत बसलो. त्यांनी पाण्याची बाटली मला दिली, मी तोंड लावून प्यालो. परत घेऊन तेही तोंड लावूनच प्याले. त्यांच्या गावात हे कुणी पाहिलं असतं तर! माझ्या मनातलं सगळं कुंपण तिथंच पडलं. मी बोलत सुटलो. मावशीचं सांगितलं. वस्तीतल्या घरांत बैठका होतात, तिथं मी बोलतो, क्रांती चौकातल्या मोर्चाला पोरांना मीच गोळा करतो, हेही सांगितलं.

"लई चांगलं बोलत असशील," ते म्हणाले. त्यांचे डोळे पाण्यावर होते.

परत आल्यावर थोड्याच दिवसांत साहेबांनी बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. "तुम्ही भाषणं छान करता म्हणे? घरातल्या बैठकीत?" पुढच्याच आठवड्यात मला यंत्रं जुळवण्याच्या कामावरून काढून भंगाराच्या शेडमध्ये टाकलं.

गेटबाहेर मी मिस्त्रींना गाठलं.

"तुम्ही सांगितलं?"

"व्हय." ते चाचरलेही नाहीत. "तुझ्यासंगं जायला मला त्याच्यासाठीच धाडलं व्हतं. माझ्या पोराला ह्याच कारखान्यात चिकटवायचंय मला."

"मग गाळातून कशाला ओढलं?"

ते माझ्याकडं चमकून बघत राहिले, जणू मीच काहीतरी वाईट बोललो होतो. "आरं, ते येगळं," एवढंच म्हणाले आणि सायकल काढली.

त्यांनी 'मी नाही सांगितलं' असं खोटं म्हटलं असतं, तर मला त्यांचा सरळ राग करता आला असता. शंका खरी निघाल्याचं समाधान म्हणतात तेही मिळालं नाही. काही महिने भंगार उपसलं. तेव्हा वाळूजला नवे कारखाने उभे राहत होते, हातात कसब असलेली माणसं त्यांना हवी होती. मी तिकडं लागलो. मोर्चाला जायचं थांबवलं नाही. फक्त पहिल्या दिवशी शेजारच्या मशीनवरच्या माणसानं हसून विचारलं, "राहायला कुठं?" आणि मी गल्लीचं नाव खोटं सांगितलं.