ताईचा आवाज, दोन एमबीत

ऑफिसात त्याला सगळे कानसेन म्हणत. गळा नव्हता, पण कान असा तिखट की शेजारच्या खोलीतला पंखा कुरकुरला तरी याच्या कपाळाला आठी. अंध मुलांना धडे ऐकवणाऱ्या एका वेबसाइटवर तो कामाला होता. धडे वाचायची त्याची थोरली बहीण, शाळेतून निवृत्त झालेली. पंधरा मिनिटांचा धडा तो दोन एमबीत बसवायचा. त्यासाठी आवाजाची वरची झिलई कापायची, वाक्यांमधले श्वास पुसायचे.

"माझा श्वाससुद्धा जड होतो होय रे तुला?" ताई हसायची.

"मुलं साध्या फोनवर ऐकतात, ताई. शब्द पोचला की झालं."

सर्व्हर भरला तेव्हा साहेबांनी विचारलं, मूळ रेकॉर्डिंग ठेवायचं का? "काय करायचंय? लहान फाइलीत अक्षर न् अक्षर कळतं," तो छातीठोकपणे म्हणाला, आणि सहा वर्षांचं मूळ रेकॉर्डिंग त्याने स्वतःच्या हाताने पुसलं. पुढचंही ठेवलं नाही.

पुढच्याच वर्षी ताईच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागलं. ताई वाचली, पण वाचा गेली.

रुग्णालयातल्या वाचातज्ज्ञ बाई म्हणाल्या, "जुनं रेकॉर्डिंग आणा. त्यावरून त्यांच्याच आवाजात बोलणारं यंत्र करता येतं." त्याने फाइली नेल्या. बाईंनी बराच वेळ ऐकलं.

"शब्द स्वच्छ आहेत. पण आवाजाचा नुसता सांगाडा उरलाय. मूळ नाही का?"

"नाही. पुसलं गेलं."

"कुणी पुसलं?"

महिनाभर त्याने घरातल्या, ऑफिसातल्या सगळ्या डिस्क उकरल्या. भाच्याच्या वाढदिवसाच्या एका चित्रफितीत ताई सापडली, तीही दोन वाक्यं, मिक्सरच्या घरघरीत.

शेवटी आहे त्यावरच यंत्र झालं. ताईने पहिलं वाक्य टाइप केलं. "चहा ठेव," यंत्र बोललं. एकही अक्षर खाल्लं नाही. ताईने त्याच्याकडे पाहिलं आणि पाटीवर लिहिलं, 'ही कोण?'

त्याची मान खाली गेली. तिने पाटी पुसून पुन्हा लिहिलं, 'तुझी चूक नाही रे.' शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

यंत्र कपाटात गेलं. ताईने शेजारीपाजारी जाणंही सोडलं. रोज संध्याकाळी तो तिच्याकडे जातो. दोघं समोरासमोर बसतात. बोलता येत असून तोही बोलत नाही.