उजवीकडचा हॉर्न

माझे काका शिलाई मशीन दुरुस्त करतात. तयार कपड्यांच्या कारखान्यात हॉलभर मशीनं एकदम धडधडत असतात, आणि त्यांतलं कुठलं बिघडायच्या बेतात आहे हे काका नुसत्या आवाजावरून सांगतात. तेही एकाच कानाने. उजवा कान तरुणपणीच गेला, पत्रे ठोकायच्या कामावर. त्याचा विषय निघाला की म्हणतात, "एक कान कामाला, एक आरामाला."

असे हे काका शनिवारी हत्यारांची पिशवी घरी घेऊन आले आणि ती त्यांनी कपाटावर ठेवून दिली. महिनाअखेरीला काम सोडतो, असं मालकाला सांगून आले होते. काकूने कारण विचारलं, तर "झालं की आता पुष्कळ," एवढंच उत्तर. काकूने मला बोलावून घेतलं. घरात कुणी तोंड उघडत नसेल तर मला बोलावतात, कारण उत्तर मिळेपर्यंत मी उठत नाही.

शेवटी काका जमिनीकडे बघत म्हणाले, "डावा कानही चाललाय."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"डॉक्टर कशाला? खेळात कळतंय."

काकांचा एकच शौक. त्यांच्या मुलाने, म्हणजे दादाने, नवा घेतला तेव्हा आपला जुना, हातात धरून खेळायचा छोटा कॉम्प्युटर त्यांना दिला. मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. काका त्यावर ट्रक चालवतात. जेवण झालं की कानांत इअरफोन घालून खुर्चीत बसायचं आणि माल पोचवायचा. उजव्या कानातला इअरफोन आपला शोभेला. आठवड्यापूर्वी त्या कॉम्प्युटरमधली जागा भरली, म्हणून मीच मागचं झाकण उघडून साठवणीचा मोठा ड्राइव्ह बसवून दिला होता. जुन्यातला कचरा नव्यात कशाला, म्हणून सगळं नव्याने टाकलं आणि फक्त त्यांचा खेळ पुन्हा चढवला. स्वतःवर भलतीच खूश होते मी.

"तेव्हापासून उजवीकडून गाडी येते ती कळतच नाही," काका म्हणाले. "हॉर्न नाही, काही नाही. एकदम येऊन धडकते. आणि परवा कारखान्यातही एका मशीनची कुरकुर मला ऐकू आली नाही."

ते मशीन बंदच होतं, असं काकूने नंतर चौकशी करून सांगितलं. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही.

मी इअरफोन माझ्या कानांत घातले. इंजिन, वारा, हॉर्न, सगळं खणखणीत. काकांचा चेहरा आणखी पडला. यंत्र चांगलं आहे म्हणजे बिघाड आपल्यात आहे, हा हिशेब त्यांनी जन्मभर केलेला. तरी मी आवाजाचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, पिन पुसली, दुसरे इअरफोन आणले. हॉर्न मला यायचा, त्यांना नाही. शेवटी चिडून मी उजवा इअरफोन त्यांच्या डाव्या कानात कोंबला.

"आला हॉर्न," काका म्हणाले. "पण इंजिन कुठे गेलं?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. डाव्या बाजूचा आवाज डाव्या इअरफोनमध्ये, उजवीकडचा उजव्यात. यंत्र आपलं काम चोख करत होतं. काकांच्या उजव्या कानापाशी पोचलेला हॉर्न तिथेच संपत होता. "काका, तुमचा कान ठणठणीत आहे," मी म्हणाले. त्यांचा विश्वास बसेना. "मग आधी कसा ऐकू यायचा?"

प्रश्न बिनतोड होता. मी झाकण उघडून जुना ड्राइव्ह परत घातला. काकांनी नेहमीसारखे इअरफोन लावले, गाडी रस्त्यावर काढली आणि हसले. इंजिनही होतं, हॉर्नही होता. मग मी जुन्या ड्राइव्हच्या सेटिंग्ज चाळल्या. अगदी आत, कुणी सहसा जात नाही अशा पानावर, दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून दोन्ही इअरफोनमध्ये सोडायचं एक बटण असतं. ते चालू होतं. ज्याला मी कचरा म्हटलं, त्यातच ते होतं.

"हे कुणी केलं? दादाने?"

"मी," काकू म्हणाली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "हे खेळताना नुसते धडकायचे. म्हणून एकदा ते कारखान्यात गेल्यावर मी उजवा कान बोटाने बंद करून खेळून बघितलं. निम्मं जगच गायब. मग एकेक बटण दाबत बसले."

"अगं, मग बोलली का नाहीस?" काका म्हणाले.

"त्यात काय बोलायचं? ऐकू येत होतं ना तुम्हाला."

मी नवा ड्राइव्ह परत बसवून त्यावर तेच बटण चालू करून दिलं. काका मात्र खेळायला बसले नाहीत. त्यांनी कपाटावरची पिशवी काढली आणि मालकाला फोन लावून सांगितलं की सोमवारपासून नेहमीसारखा येतोय, काम सोडायचं बोलणं विसरा. काकूने एक सदरा घडी करून खाली ठेवला आणि पुन्हा तोच उचलून घडी करायला घेतला. एवढ्यावरून कळलं की तीही घाबरली होती.

चहाला बसलो तेव्हा काका तिच्याकडे बघतच राहिले. ती त्यांच्या डाव्या हाताला बसली होती. ती तिथेच बसते. रस्त्यानेही ती डावीकडूनच चालते, मग त्या बाजूला ऊन असो की चिखल. यावरून काकांनी तिला आमच्यादेखत किती वेळा हट्टी म्हटलं आहे, आणि आम्ही हसलोही आहोत.

"लग्नापासून, माझ्या कानासाठी?" काकांनी विचारलं.

"चहा घ्या, गार होतोय."

काकांनी कप उचलला नाही. "माझं एका कानावर भागलं ते तुझ्यामुळे," ते म्हणाले. एका कानाने ऐकणाऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, तसं जरा मोठ्यानेच म्हणाले, आणि काकूने त्यांना हळू बोला असं सांगितलं नाही.