दोहाच्या बर्फावर ताईचा नारळ

वाळवंटात आइस हॉकी बघायला कोण जातं? मी गेले! कतारहून ताईचा फोन आला, "मंजू, तुझे भावोजी संघात आहेत. ये बघू." रजा टाकली आणि मुंबईहून थेट विमान पकडलं.

पगारी खेळाडूंचा दोहातला हा पहिलाच संघ. त्याआधी वर्षानुवर्षं हौशी मंडळी ऑफिस सुटल्यावर मॉलमधल्या बर्फाच्या रिंकवर खेळायची. नाशिकचे इंजिनियर, आमचे भावोजी, त्यांचे गोलकीपर. संघ पगारी झाला, बाहेरून तरणे खेळाडू आले. जुन्यांपैकी एकट्या भावोजींना जागा मिळाली, तीही राखीव, बिनपगारी आणि पहिल्या सामन्यापुरती. तेवढ्यावर माणूस असा हरखला होता की विचारू नका!

ताई अल मन्सूरात राहते. खाली इडली-डोसा, शेजारी किराणा, ताजा कढीपत्तासुद्धा मिळतो. मेट्रो चालत गाठता येते, तिकीट दोन रियाल. आणि स्वेटर न्याच. बाहेर नुसती भट्टी, रिंकवर दात वाजतात. मी शाल गुंडाळून तिथला वेलचीवाला करक चहा ढोसत होते.

सामन्याआधी ताईने पिशवीतून नारळ काढला. "शुभकार्य आहे, फोडायला नको?" पण स्केट्सची धार जाऊ नये म्हणून तिथे सगळीकडे रबर अंथरलेलं. नारळ दोनदा आपटला, दोनदा उसळला. तिसऱ्यांदा ताईने रिंकचं दार ढकललं आणि सरळ बर्फावर हाणला! नारळ फुटला, बर्फालाही खड्डा पडला. सामना खोळंबला.

संघाचा गोरा मॅनेजर लालबुंद होऊन आला. कोणी केलं हे?

"मी," भावोजी म्हणाले.

"खलास! बाकावरून ऊठ."

भावोजी पॅड-बिड चढवलेले तसेच आमच्याशेजारी येऊन बसले. "जाऊ दे गं," एवढंच म्हणाले.

ताई ताडकन उठली. "अहो, कशाला घेतलंत अंगावर? थांबा, आलेच." मॅनेजरसमोर जाऊन म्हणाली, "सर, माय कोकोनट. सो दॅट नोबडीज बोन ब्रेक्स. पनिश मी." आणि त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला, "प्रसाद." त्याने तुकडा हुंगून बघितला. मग तोंडात टाकला, भावोजींना हात केला आणि बाकाकडे बोट दाखवलं, "यल्ला!"

खड्डा बुजवून सामना झाला. आपण सपाटून हरलो. भावोजी शेवटपर्यंत बाकावरच. शेवटी खेळलेल्या प्रत्येकाचं नाव माइकवर पुकारलं, भावोजींचं अर्थातच नाही. तेव्हा आख्खा संसार नवऱ्याला 'अहो' म्हणत केलेली माझी ताई उभी राहिली आणि गळा ताणून ओरडली, "सुधीर!" सगळी रिंक वळून बघायला लागली. भावोजींनी हेल्मेट काढलं आणि डोळे पुसले.

पुण्याला घरी परतल्यावर सगळे विचारतात, काय बघितलंस? सूक म्हणजे तिथला जुना बाजार बघितला, समुद्रकाठ बघितला, तुम्हीही जरूर जा. पण मनात राहिली ती ताईची हाक. परवा फोनवर तिला छेडलं, "काय मग, आता घरीही सुधीरच का?"

"छे गं, लाज वाटते."

मागून भावोजींचा आवाज आला, "मी रोज वाट बघतो."