शिक्का सतरा

आमची आत्या तिखट कानाची. आम्ही माजघरात कुजबुजलो तरी उत्तर स्वयंपाकघरातून यायचं.

कनेक्टरच्या कारखान्यात तिनं एकवीस वर्षं एकच काम केलं. तारेच्या टोकाला बसवलेली पितळी पिन प्लॅस्टिकच्या घरात सारायची. पिनेची जीभ आतल्या खाचेत अडकली की बारीक ‘टक्’ होतं. त्यानंतर तार ओढून बघायची, असा नियम. आत्या कधीच ओढायची नाही. “मी ऐकलंय ना? मग ओढायचं कशाला?” मुकादमानं तिच्यापुढे हात टेकले होते.

पुढे स्वयंपाकघरातून उत्तरं येईनाशी झाली. आम्हाला वाटलं, वयानं निवळली बाई. कसली निवळतेय! तिला ऐकूच येत नव्हतं. आता तार ओढायला लागले तर बायका विचारतील, कानाला काय झालं, म्हणून ती वर्षभर नुसत्या अंदाजानं पिना सारत राहिली. या तोऱ्याचा मला आजही संताप येतो. अर्धवट बसलेली पिन सुरुवातीला चालते. मग ऊब लागून, हादरे बसून केसाकेसानं मागे सरकते आणि एक दिवस वीज तुटते.

हे मला कळलं ते दवाखान्यात. आतेबहिणीला सातव्या महिन्यातच मुलगी झाली होती. मूठभर जीव, काचेच्या पेटीत उबेला ठेवलेला. नातीला बघायला आत्या वाकली आणि तिला पेटीमागचा पांढरा कनेक्टर दिसला. त्यावर शिक्का होता सतरा, तिच्या टेबलाचा. शेजारी गेल्या सालचा आकडा. तिनं मला बाजूला ओढलं आणि सगळं सांगितलं.

“मग ओढून बघ ना, आत्या,” मी तार ओढल्याची खूण करत म्हटलं.

“आणि हातात आली तर?”

मी नर्सला गाठलं. ती म्हणाली, “पेटी चालू आहे की. दुसरी दुपारी रिकामी होईल, तेव्हा बदलू.”

आत्यानं स्टूल ओढलं, काचेला कान लावला आणि डोळे मिटले. मी बाहेर बहिणीजवळ जाऊन बसले.

बारा वाजायच्या आत पेटीची शिटी वाजली. कर्कश, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी. नर्स धावली, तिच्यामागे मी. आत्या तशीच बसली होती. मी तिचा खांदा हलवला.

तिनं डोळे उघडले आणि ओठांवर बोट ठेवलं. “थांब गं. ऐकू दे मला.”