चेहरे पुसणारी

घरात तिला धाकटी म्हणत आणि कामाच्या ठिकाणी खोडरबर. हे दुसरं नाव कामावरूनच पडलेलं. मेंदूवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत ती इंजिनीअर होती. एमआरआय यंत्रात माणसाच्या डोक्याचे शेकडो काप टिपले जातात. ते एकावर एक रचले की मेंदू दिसतो, पण त्याच्याबरोबर नाक, ओठ, हनुवटी असा अख्खा चेहराही उभा राहतो. ही चित्रं बाहेरच्या संशोधकांना पाठवण्याआधी तो चेहरा काढून टाकावा लागतो, नाहीतर माणूस सहज ओळखू येईल. चेहरा काढणारा प्रोग्रॅम धाकटीने लिहिला होता. अकरा वर्षांत तिने काही हजार चेहरे पुसले होते.

तिची खोली तळघरात होती, यंत्राला लागून. खिडकी नव्हती. भिंतीपलीकडून यंत्राचे ठोके यायचे आणि नुसत्या आवाजावरून ती सांगायची, आता रचनेचं चित्र चाललंय, आता रक्तप्रवाहाचं. दुपारी ती डबा घेऊन सिस्टरच्या खोलीत जायची. सिस्टर म्हणजे संशोधनासाठी येणाऱ्या लोकांची सगळी जबाबदारी जिच्यावर होती ती बाई. लोकांना फोन करायचा, अंगठ्या-किल्ल्या काढून ठेवायला लावायच्या, घाबरलेल्याला हाताला धरून आत न्यायचं, हे सगळं तिचं काम. दोघी अकरा वर्षं एका टेबलावर जेवत होत्या. धाकटीच्या घरातलं सिस्टरला माहीत नव्हतं असं फारसं काही उरलं नव्हतं.

त्यातही बाबांचं कौतुक जास्त. बाबा सत्त्याहत्तर वर्षांचे. उभा जन्म त्यांनी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढण्यात घालवलेला. आई गेल्यापासून ते दादा-वहिनीकडे राहत. धाकटी दर रविवारी सकाळी तिकडे जायची. बाबा तिला लेकीच्या परीक्षेबद्दल विचारायचे, नवऱ्याच्या कंबरदुखीची चौकशी करायचे. सोमवारी ती सिस्टरला सांगायची, "आपल्याकडे साठीची माणसं येतात ती नातवंडांची नावं विसरतात. आमचे बाबा बघ, अजून खणखणीत." सिस्टर मान डोलवायची आणि डब्यातलं काहीतरी तिच्यापुढे सरकवायची.

त्या वर्षी धाकटीने प्रोग्रॅम सुधारला आणि जुनी सगळी चित्रं त्यातून पुन्हा काढली. जवळजवळ सगळी नीट निघाली. नऊ जणांच्या बाबतीत चेहरा पूर्ण गेला नाही. अशी बिघडलेली चित्रं एकेक करून उघडून हाताने साफ करायची असतात. सहा झाली. सातवा माणूस होता नंबर चारशे सतरा.

चित्र फिरवून समोर आणलं तेव्हा तिला पहिल्यांदा दोषाचं कारणच दिसलं. डाव्या गालाच्या हाडापाशी एक काळा खड्डा होता. तिथे धातूची पट्टी असावी. धातूपाशी चित्र ओढल्यासारखं वाकडं होतं, त्यामुळे प्रोग्रॅम गोंधळला होता आणि त्याने डावा अर्धा चेहरा तसाच सोडला होता. मिटलेला डोळा, अर्धं नाक, हनुवटीवरची खोल उभी खाच.

ती लहान असताना बाबांची स्कूटर वाळूवरून घसरली होती. मागे ती बसली होती. तिला खरचटलंही नव्हतं, बाबांच्या गालात मात्र पट्टी बसवावी लागली होती.

ओळखीचा माणूस दिसला तर चित्र ताबडतोब बंद करायचं आणि अभ्यासाच्या प्रमुखांना, म्हणजे सरांना, कळवायचं, असा नियम होता. तो तिनेच लिहून दिला होता. तिने चित्र बंद केलं नाही. चारशे सतरा नंबरच्या खात्यात तीन वर्षांची तीन चित्रं होती. पहिल्या वर्षी माणूस 'निरोगी' या गटात होता. दुसऱ्या वर्षी तो 'स्मृतिदोष' या गटात गेला होता. मेंदूतल्या पोकळ्या दर वर्षी थोड्या रुंदावत गेलेल्या, म्हणजे मेंदू आकसत चालला होता. मग तिने तारखा पाहिल्या. तिन्ही वेळा गुरुवार होता. गुरुवारी ती पलीकडच्या इमारतीत विद्यार्थ्यांना शिकवायला जात असे आणि संध्याकाळपर्यंत इकडे फिरकत नसे.

ती उठून सिस्टरच्या खोलीत गेली. सिस्टर फोन ठेवत होती.

"चारशे सतरा कोण आहे?"

सिस्टरने तिच्याकडे नीट पाहिलं. "हे तू विचारायचं नाहीस आणि मी सांगायचं नाही. कागद तूच लिहिलायस."

"अर्धा चेहरा राहिलाय. मी ओळखलंय."

सिस्टर खुर्चीत टेकून बसली. "बस जरा."

"तीन वर्षं माझ्यासमोर बसून जेवलीस तू. मी बाबांचं कौतुक करायचे आणि तू मान डोलवायचीस."

"मग काय करायला हवं होतं? आपल्याकडे येणाऱ्या माणसाचं नाव मी माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगत नाही. तुझे वडील स्वतः म्हणाले, धाकटीला कळू द्यायचं नाही. सही केली त्यांनी. मीही केली."

"आणि गुरुवार? तो पण सहीच्या कागदात होता?"

"गुरुवार मी सुचवला," ती म्हणाली. "ते पहिल्यांदा आले ना, ते तुझं ऑफिस बघायला. लेक कुठे काम करते ते त्यांना बघायचं होतं, तेही तुला नकळत. आजारी म्हणून नव्हते आले. पुढच्या वर्षी मात्र आजारी म्हणून तुझ्यासमोर यायचं नव्हतं."

धाकटीने आपला डबा तिच्या टेबलावरून उचलला आणि ती निघाली. तशीच दादाकडे गेली. रविवार सोडून ती त्या घरी कधी गेली नव्हती.

दार वहिनीने उघडलं आणि धाकटीला पाहून वहिनीचा चेहरा उतरला. बाबा बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसले होते. त्यांनी धाकटीकडे पाहिलं, ओळखीचं हसले आणि म्हणाले, "या, बसा."

"बाबा, मी आहे."

"हो, हो," बाबा म्हणाले आणि वहिनीकडे बघू लागले.

बाजूच्या तिपाईवर वही होती. अक्षर दादाचं. प्रत्येक पानावर वर रविवारची तारीख आणि खाली मुद्दे. 'धाकटीची मुलगी, दहावी, गणिताचा पेपर अवघड गेला. जावईबापूंची कंबर, आता बरी. नवीन गाडी, रंग राखाडी. शेजारच्या काकांचं विचारू नये, ते गेले.' धाकटीने मागची पानं उलटली. तिला आठवत होते ते सगळे रविवार, सगळे प्रश्न त्यात एकाखाली एक होते. एका पानावर लिहिलं होतं, 'धाकटीच्या विनोदावर हसणे.'

दादा अर्ध्या तासाने कामावरून धावतपळत आला. वहिनीने फोन केला असणार.

"शनिवारी संध्याकाळी बसतो आम्ही," तो म्हणाला. "आधी दहा मिनिटं पुरायची. आता दोन तास लागतात."

"मला का नाही सांगितलं?"

"बाबांनी शपथ घातली."

"तू शाळेत असतानासुद्धा बाबांचं ऐकलं नाहीस आणि आता शपथ पाळतोस?"

"खरं सांगू?" दादा म्हणाला. " तू रविवारी यायचीस, खूश होऊन जायचीस. आठवड्यातून एकदा कुणीतरी या घरात खूश असायचं. मला ते मोडवेना."

"तुम्ही मला या घरात पाहुणी करून ठेवलंत, दादा. पाहुण्यांपुढे लोक घर आवरून ठेवतात तसं माझ्यापुढे बाबांना आवरून ठेवलंत."

हे बोलणं चालू असताना बाबा दोघांकडे आळीपाळीने बघत होते. त्यांना मधूनच सगळं लख्ख व्हायचं, तसं तेव्हा झालं. "धाकटे, इकडे ये," ते म्हणाले. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. "तू मला भेटायला यायचीस. कळलं असतं तर तपासायला आली असतीस. मी एक शब्द अडखळलो की तुझ्या डोळ्यांत दिसलं असतं, आता हा भाग गेला, आता तो गेला. तुझं शिक्षणच ते आहे."

"आणि मी जे बोलत होते ते कुणाशी, बाबा? दादाच्या वहीशी?"

"वही त्याची. बोलत मीच होतो की," बाबा म्हणाले. पाच मिनिटांनी त्यांनी वहिनीला विचारलं की या बाई चहा घेणार का.

दुसऱ्या दिवशी धाकटीने सरांना लेखी कळवलं. नियम मोडून तारखा पाहिल्या हेही लिहिलं. सरांनी तिला त्या अभ्यासातून काढून दुसऱ्या कामाला लावलं आणि चारशे सतराचा उरलेला चेहरा पुसायचं काम दुसऱ्या इंजिनीअरकडे गेलं. त्याने ते एका दुपारी उरकलं. झालं, असं तो तिला जिन्यात सांगून गेला. तिच्या मनाला लागून राहू नये म्हणून सांगितलं असावं.

ती दादाकडे आता आठवड्यातून दोनतीनदा जायची, न कळवता. बाबा कधी तिला बहीण समजायचे, कधी कचेरीतली कारकून. दादाशी ती औषधं, डॉक्टर, वार एवढंच बोलायची. त्याने दोनदा माफी मागितली. ती "ठीक आहे" म्हणाली आणि तेवढ्यावरच राहिलं. सिस्टरबरोबर चारेक महिन्यांनी ती पुन्हा एका टेबलावर जेवू लागली, कारण तळघरात जेवायला दुसरी जागा नव्हती. त्या हवापाण्याचं बोलत, यंत्राच्या दुरुस्तीचं बोलत. घरचं कुणीच काढत नसे. एकदा सिस्टरने सवयीने डबा पुढे सरकवला. धाकटीने "नको, पोट भरलंय" म्हटलं. तिचा स्वतःचा डबा अजून उघडायचा होता.

चौथ्या वर्षीच्या तपासणीला बाबांना तिनेच नेलं. दादाने विचारलं होतं आणि तिला नाही म्हणावंसं वाटलं नाही. नातेवाइकांना आत जाता येत नाही आणि त्या दिवशी ती नातेवाईक होती, म्हणून तिने गाडी फाटकाशी उभी केली. बाबा उतरायला तयार होईनात. ही कुठली जागा, तुम्ही मला कुठे आणलंत, असं ते तिलाच विचारत होते. तिने समजावलं, हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला.

तेवढ्यात सिस्टर बाहेर आली. तिला पाहिल्याबरोबर बाबांचा चेहरा खुलला. "आलात का, सिस्टर," ते म्हणाले आणि आपणहून उतरले. सिस्टरने त्यांच्या मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं, हाताला धरलं आणि दोघं हळूहळू आत गेले. काचेच्या दारापाशी सिस्टरने एकदा वळून पाहिलं. बाबांनी पाहिलं नाही.

धाकटी गाडीतच बसून राहिली. तपासणीला पन्नास मिनिटं लागतात. तिने काच वर केली.