मुकीची बोली

रुग्णालयाच्या तळघरात आमची धुलाई आहे. वर माणसं बरी होतात किंवा जातात, खाली आमच्याकडे दोघांच्याही चादरी सारख्याच येतात. तिथं चादरीच्या दुसऱ्या टोकाला माझ्यासमोर जी बाई उभी असायची, तिला सगळे मुकी म्हणत. ती मुकी नव्हती. विचारलं तर उत्तर द्यायची, पण मोजून. मुकादम म्हणायचा, "हिच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे नळाला हवा आल्यावर पाण्याची वाट बघायची." ती हसायची आणि कोपरा पुढं करायची. ओली चादर दोघींनी ताणून झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा. या कामाला बोलणं लागत नाही. तिनं ते काम बहुतेक त्यासाठीच धरलं असावं.

तिची माणसं मूळची वरच्या डोंगरातली. त्यांची बोली वेगळी. आपल्यासारख्याला त्यातला एक शब्द लागायचा नाही. ती ठमीएवढी असताना तिला उचलून वसतिगृहाच्या शाळेत घातलं. ठमी म्हणजे तिची नात, पुढं येईलच. त्या शाळेत घरची बोली बोलायला बंदी होती; बोलायचं ते मोठ्या भाषेत, म्हणजे आपल्या. जो बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात एक लाकडी पाटी अडकवायची. त्यानं दुसऱ्या कुणाला बोलताना पकडून दिलं की पाटी त्या दुसऱ्याच्या गळ्यात. संध्याकाळी ज्याच्या गळ्यात पाटी उरेल त्याला छडी.

"म्हणजे मास्तरला काही करायलाच नको," ती मला म्हणाली होती. इतक्या वर्षांत तिनं आपणहून सांगितलेली ही एवढी एकच गोष्ट. "आम्हीच एकमेकींच्या मागं. माझी मैत्रीण झोपेत आईला हाक मारायची. बाकीच्या मुली ती झोपायची वाट बघत बसायच्या."

"आणि तू?"

"मी बोलणंच सोडलं. मोठ्या भाषेतही. म्हटलं, चूक व्हायलाच नको."

पुढं लग्न झालं, ते मोठ्या भाषेतल्या माणसाशी. तो लवकर गेला. एक लेक. लेकीला तिनं मोठ्या भाषेतच वाढवलं, तीही कशी, तर 'जेव', 'झोप', 'दप्तर भर'. लेक मात्र बापावर गेली, तोंडाची चक्की. बस डेपोत तिकीट खिडकीवर बसते, दिवसभर माणसांशी हुज्जत घालते आणि घरी येऊन ती पुन्हा सांगते. आईच्या घरात जी शांतता होती तिचं उट्टं ती काढत होती, असं मला वाटायचं.

मुकी निवृत्त होण्याच्या सुमाराला गोदामांच्या रस्त्यावर, एका बंद पडलेल्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांची शाळा निघाली. लहान मुलांची, त्याच डोंगरातल्या बोलीची. नियम एकच, उंबऱ्याच्या आत आलं की मोठी भाषा बंद. शाळा काढणारी बाई तरुण होती. तिच्या आजोबांची बोली; आजोबा वारल्यानंतर तिला ती शिकायची बुद्धी झाली. जुन्या ध्वनिफिती ऐकून, जो म्हातारा भेटेल त्याच्यासमोर बसून शिकली. शिकली चांगली, पण सगळी पुस्तकी. पाऊस, पर्वत, पूर्वज यांचे शब्द तिच्याकडे होते. शेंबूड, ढेकर, कडेवर घेणं, नाडी सुटणं यांचे नव्हते. आणि चार-पाच वर्षांच्या पोरांचा दिवस तर यातच जातो.

कुणीतरी तिला मुकीचं नाव सांगितलं. ती तळघरात आली, वाफेनं घामाघूम झाली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही फक्त येऊन बसा. मुलांशी बोला. शिकवायचं काही नाही."

मुकी म्हणाली, "मला बोलता येत नाही."

बाई आठवड्याभरानं पुन्हा आली. तेव्हाही तेच उत्तर. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिनं एका पोराला बरोबर आणलं होतं. त्याच्या बुटाचा बंद सुटला, त्यात पाय अडकून ते धाडकन पडलं आणि रडायला लागलं. मुकीच्या हातातली चादर तशीच राहिली आणि तिच्या तोंडून काहीतरी निघून गेलं. एकच वाक्य, घशातून आलेलं, मी कधी न ऐकलेलं. पोर रडायचं थांबलं आणि त्यानं त्याच बोलीत उलट उत्तर दिलं. मुकी मटकन कपड्यांच्या गाठोड्यावर बसली. तिला त्या बोलीत कुणी उत्तर दिल्याला किती वर्षं झाली होती, देव जाणे.

त्यानंतर ती निवृत्त झाली आणि रोज शाळेत जाऊ लागली. मी सुट्टीच्या दिवशी एकदोनदा डोकावले. खाली छापखान्याच्या शाईचा वास अजून होता. वर बुटक्या खुंट्या, त्यांवर इवले कोट, भिंतीशी बुटांची रांग. मुकी मधोमध खुर्चीवर, आणि तिच्या अंगाखांद्यावर पोरं. आणि ती बोलत होती. अखंड. रागावत होती, चिडवत होती, नाक पुसत होती. मी दारातच उभी राहिले. आत मला माझी भाषा चालणार नव्हती. चाळीस वर्षं जिच्यासमोर उभी राहिले त्या बाईचा आवाज असा जाड आणि खोडकर आहे हे मला माहीत नव्हतं.

पोरांनी आधी काय उचललं असेल, तर तिच्या शिव्या. म्हणजे शिव्या नव्हेत, आजीचं रागावणं. घरी जाऊन कमरेवर हात ठेवून आईबापांना काहीतरी ऐकवायची. आईबाप बिचारे खूश, पोर पूर्वजांच्या भाषेत बोलतंय म्हणून. त्याचा अर्थ 'आधी नाक पूस, मग रड' असा होता, हे त्यांना बाईंनी हळूच सांगितलं.

ठमीलाही तिथं घातलं. लेकीच्या मनात नव्हतं. पण मुलीला सांभाळायला आजीच, आणि आजी दिवसभर शाळेत, म्हणून. एकदा मी त्यांच्याकडे चहाला बसले असताना लेकीनं विषय काढला. ठमी आणि मुकी कोपऱ्यात त्या बोलीत खुसुखुसु हसत होत्या आणि लेक दोघींकडे बघत होती.

"मला एक शब्द दिला नाहीस," ती आईला म्हणाली. "आणि आता लोकांच्या पोरांना ओंजळी भरभरून वाटतेस."

मुकीचं हसू गेलं. "तुला मार बसू नये म्हणून."

"मला कोण मारणार होतं? तोवर ते वसतिगृह बंदसुद्धा पडलं होतं."

"ते मला कुणी येऊन सांगितलं नाही," मुकी म्हणाली.

लेकीनं कप उचलले आणि मोरीत जोरात ठेवले. विषय तिथंच राहिला. मला वाटतं, वेळ मिळाला असता तर पुढं कधीतरी निघालाही असता.

मुकीला साखरेचा आजार होता. त्या थंडीत उजव्या पायाच्या बोटाला जखम झाली, ती बरी होईना. ती कुणाला सांगेना. मग एका सकाळी शाळेत खुर्चीवरून घसरली. मेंदूला झटका आला होता. आमच्याच रुग्णालयात आणली, दुसऱ्या मजल्यावर. उजवा हात गेला, तोंड थोडं वाकडं झालं. दोन दिवसांनी शुद्धीवर आली आणि बोलू लागली, पण त्या बोलीत. मोठी भाषा पार पुसली गेली होती. नर्सनं 'पाणी?' विचारलं तरी ती नुसती बघायची. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. नंतर शिकलेली भाषा जाते आणि आधीची राहते.

लेक उशाशी बसायची. आई बोलतेय आणि तिला काही कळत नाहीये. कळत नसलं तरी ती "हो आई, हो आई" म्हणायची. आईला ते हो कळायचं नाही. मी जेवणाच्या सुट्टीत वर जायचे. एवढी बोलघेवडी लेक, तिच्या तोंडात त्या दिवसांत दोनच शब्द उरले होते.

पायाची जखम काळी पडत वर सरकली. डॉक्टरांनी लेकीला बाहेर बोलावलं. पाय गुडघ्याच्या वर कापावा लागेल, नाहीतर विष अंगभर जाईल. कापला तरी हमी नाही, वय आहे, झटका आलाय. "त्यांना विचारता आलं तर विचारा," ते म्हणाले. "आज संध्याकाळपर्यंत सांगा."

म्हणून शाळेच्या बाईंना बोलावलं. त्या येताना ठमीला शाळेतून घेऊन आल्या, कारण तिला घरी सोडायला कुणी नव्हतं. मी होतेच. बाईंनी मुकीचा हात धरून हळूहळू विचारलं. शस्त्रक्रियेला त्यांच्याकडे शब्द नव्हता. पायाकडे बोट दाखवून कापण्याची खूण केली. मुकी पायाकडे बघत राहिली. मग काहीतरी पुटपुटली. जीभ जड झालेली, शब्द एकमेकांत मिसळलेले.

"काय म्हणाली?" लेकीनं विचारलं.

बाईंचा चेहरा उतरला होता. "मला... नक्की नाही सांगता येत. 'राहू दे' असं काहीतरी. म्हणजे पाय राहू दे असंही असेल. किंवा आता मला नका विचारू, असंही होऊ शकतं. मला एवढं नाही येत हो."

ठमी पलंगाच्या कठड्याला धरून उभी होती. तिनं आजीला काहीतरी विचारलं. आजीनं मान वळवली, तिच्याकडे बघून बोलली, जरा जास्त. ठमीनं ऐकून घेतलं आणि आईकडे वळली.

"आजी म्हणते, नको. म्हणते, पाय माझा आहे. म्हणते, घरी जाऊ. माझी वाट बघतायत."

"कोण वाट बघतंय?" लेकीनं विचारलं.

ठमीनं पुन्हा विचारलं. आजी काहीतरी म्हणाली. "तो शब्द मला येत नाही," ठमी म्हणाली.

लेकीनं बाईंकडे बघितलं. बाईंनी नकारार्थी मान हलवली. त्यांनाही ते जड जिभेचं बोलणं लागलं नव्हतं.  लेक म्हणाली, "पाच वर्षांची पोर आहे. हिला भातुकलीतलं कळतं. घरी जाऊ म्हणजे काय, खेळ आहे का? तिच्या बोलण्यावर मी आईला मरायला सोडू?"

 लेकीच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मला आजही ठरवता येत नाही. तिनं सही केली.

पाय कापला. शस्त्रक्रिया पार पडली, डॉक्टर समाधानी होते. मुकी शुद्धीवर आली तेव्हा लेक जवळच होती. डावा हात पांघरुणाखाली गेला, चाचपडत खाली सरकला आणि जिथं काही नव्हतं तिथं थांबला. तिनं लेकीकडे बघितलं. रागानं नव्हे, असं लेक सांगते. परक्या बाईकडे बघावं तसं. मग तोंड भिंतीकडे केलं.

त्यानंतर ती बोलली नाही. ना मोठ्या भाषेत, ना आपल्या. शाळेच्या बाई येऊन त्यांच्या आजोबांची गाणी म्हणत बसायच्या. पोरांनी चित्रं पाठवली. ठमी पलंगाशी उभी राहून आजीशी बोलायची, आधी पुष्कळ, मग थोडं, मग नुसती उभी राहायची. मुकीच्या चादरी खाली आल्या की मला ओळखू यायच्या; औषधाचा वास आणि उजव्या बाजूला एकही सुरकुती नाही. समोरच्या टोकाला आता एक नवी मुलगी होती. तिला मी काही सांगितलं नाही. थंडी सरता सरता मुकी गेली.

सगळं आटोपल्यावर काही दिवसांनी लेक ठमीला शाळेत सोडायला गेली. ठमी उंबऱ्याशी थांबली, आत जाईना.

"काय झालं?"

"मी नीट नाही सांगितलं का?" ठमी म्हणाली.

"काय नीट नाही सांगितलं?"

"आजीचं. मी चुकीचं सांगितलं म्हणून त्यांनी कापला ना?"

लेक तिथंच बुटांच्या रांगेशी खाली बसली. हे सगळं मला तिनंच सांगितलं, डेपोतून सुटल्यावर मुद्दाम धुलाईत येऊन. म्हणाली, खोटं बोलायला तोंडावर दहा गोष्टी आल्या. डॉक्टरांनाच तसं वाटलं, आजीच नंतर हो म्हणाली, काय वाटेल ते. दिवसभर खिडकीवर लोकांना अशीच उत्तरं तर देते.

"तू बरोबर सांगितलंस," ती ठमीला म्हणाली. "आजी जे म्हणाली तेच तू सांगितलंस. मी ऐकलं नाही."

"का?"

"मला भीती वाटली."

ठमीनं थोडा विचार केला. "मग आजीला वाटलं असेल, मी सांगितलंच नाही."

 लेकीनं पोरीला जवळ घेतलं, पोर ताठच राहिली. आतून बाई हात पुढं करून आल्या आणि त्या बोलीत काही म्हणाल्या. ठमीनं बूट काढले, खुंटीला कोट अडकवला आणि आत जाऊन भिंतीशी बसली.

ती रोज जात होती, पण बोलत नव्हती. मोठ्या भाषेत घरी बोलायची, उंबऱ्याच्या आत गेली की गप्प. बाईंनी खूप केलं. आजीच्या खुर्चीत दुसरी एक म्हातारी आणून बसवली, पण ती दुसऱ्या खोऱ्यातली, तिचं बोलणं वेगळं, पोरं एकमेकांकडे बघून हसायची. बाई मला म्हणाल्या, ठमीला सगळं कळतं, सांगितलेलं प्रत्येक काम करते, फक्त तोंड उघडत नाही. हे सांगताना त्या रडल्या. त्यांना ती जुनी लाकडी पाटी माहीत होती. मुकीनं त्यांनाही सांगितली होती.

वर्ष संपल्यावर लेकीनं ठमीला डेपोजवळच्या नेहमीच्या शाळेत घातलं. चांगली हुशार आहे, हिशेबात पुढं आहे, मैत्रिणी आहेत. परवा मायलेकी धुलाईच्या दारात आल्या होत्या. मी सहज विचारलं, "काय गं, ती आजीची बोली येते का अजून?"

"विसरले," ठमी म्हणाली आणि आईच्या पिशवीतलं बिस्कीट काढून खाऊ लागली.

लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी ओली चादर उचलली आणि तिचा कोपरा समोरच्या मुलीच्या हातात दिला.